ओल्या काडेपेटीची पंचवीस वर्षं

जेवणाच्या सुट्टीत माणसाने जेवावं. फार तर खुर्चीत डुलकी काढावी. पण वजनमापे निरीक्षकांनी त्या मंगळवारी डबा संपवून पेपर उघडला आणि आतल्या पानावरची चार ओळींची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. इथपर्यंतही काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते त्यापुढच्या वाक्याने. या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे ऐकायला यायचं, असं ते म्हणाले, आणि नेमके त्याच वेळी मोठे साहेब हात धुऊन बाहेर येत होते. साहेबांनी विचारलं, काय ऐकायला? आता साहेबांना नको कसं म्हणणार.

बातमी अशी होती की ‘उलटा जिना’ या बँडच्या ‘ओली काडेपेटी’ या अल्बमला पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त नवी आवृत्ती निघाली होती. एक जाडजूड खोका, त्यात दोन काळ्या तबकड्या, चाळीस पानांची पुस्तिका आणि दुसऱ्या तबकडीवर आजवर कोणी न ऐकलेल्या स्टुडिओतल्या टेपा.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पहिली पाच वर्षं तो कोणालाच ठाऊक नव्हता. विस्कटलेल्या केसांची चार पोरं एका बंद पडलेल्या सायकलच्या दुकानात वाजवायची. मग ‘ओली काडेपेटी’ आली आणि रातोरात कॉलेजच्या भिंती त्यांच्या फोटोंनी भरून गेल्या. त्यांच्या संगीताला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. ते म्हणजे नक्की काय, असं निरीक्षकांना त्यांच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं. चारचौघांसारखं नसतं ते, असं उत्तर निरीक्षकांनी दिलं. सासरे म्हणाले, ते ऐकू येतंय, मी नाव विचारतोय.

तर या बँडमध्ये, अल्बम निघण्याआधी, आमचे निरीक्षक बेस गिटार वाजवत असत. (बेस गिटार हे वाद्य वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही, ते थांबलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, असं जाणकार म्हणतात. निरीक्षकांचं थांबलं तेव्हा कोणाला तसंही वाटलं नाही, पण ते पुढे येईलच.) आणि हा बँड, ही कीर्ती, हे भिंतींवरचे फोटो, सगळं त्यांनी सोडलं होतं. का? तर बायकोसाठी.

ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की ऑफिसातल्या शिपायालाही ती पाठ होती. पोरं पाया पडत होती, थांब म्हणत होती, गायकाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण निरीक्षकांनी एका मुलीला शब्द दिला होता. घर चालवायचं तर नोकरीकडेच लक्ष द्यायला हवं. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि मागे वळून पाहिलं नाही. ऐकणारे हळहळायचे. काही बायका डोळे टिपायच्या आणि आपल्या नवऱ्याकडे बघायच्या.

बायको न्यायालयात स्टेनो होती. त्यांची ओळखही न्यायालयातच झाली. एका किराणा दुकानदाराचं किलोचं वजन आतून पोकळ निघालं होतं, आणि निरीक्षक साक्षीला उभे होते. वकिलाने विचारलं, साधारण किती कमी भरलं? निरीक्षक म्हणाले, साधारण नाही, चौतीस ग्रॅम. स्टेनोने लिहिता लिहिता मान वर करून पाहिलं. चौतीस ग्रॅमसाठी एवढा खरं बोलणारा माणूस बाकी बाबतीत कसा असेल, हे तिच्या मनात आलं. (लग्नं याहून कमी पुराव्यावर ठरतात.)

नोकरी लागल्यावरही बँड चालूच होता, तो तुझ्यासाठी सोडला, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि त्या त्यागाचं ओझं मग तिने चोवीस वर्षं वाहिलं. घरात वाद निघाला की निरीक्षक काही बोलत नसत. फक्त भिंतीवर टांगलेल्या गिटारकडे बघत आणि एक श्वास सोडत. त्या श्वासावर खिडकीकडची खुर्ची त्यांना मिळाली, टीव्हीचा रिमोट मिळाला, स्वयंपाकघराला त्यांना आवडणारा विटकरी रंग मिळाला. लेकीचं नावसुद्धा त्या श्वासानेच ठेवलं. दोनदा बायकोला वरच्या न्यायालयात बढती आली होती. गाव दुसरं, काम मोठं, मान मोठा. दोन्ही वेळा निरीक्षक नको म्हणाले नाहीत. तुझ्या मनात असेल तर जा, मी काय, मला सोडायची सवय आहे, एवढंच म्हणाले. दोन्ही वेळा ती गेली नाही. आता तिसऱ्यांदा विचारणा आली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिने नकाराचं पत्र टाइप करून पर्समध्ये घालून ठेवलं होतं.

आणि एक गोष्ट. ‘ओली काडेपेटी’ तिने कधी ऐकलीच नव्हती. आपल्यामुळे ज्यात हा माणूस नाही, ते कोणत्या तोंडाने ऐकायचं, असं तिला वाटायचं. कुठे रेडिओवर लागली तर ती नळ सोडून भांडी घासायला घ्यायची.

खोका शुक्रवारी आला. निरीक्षकांनी पुस्तिका पहिल्या पानापासून चाळली. एकोणतिसाव्या पानावर, वगळलेल्या टेपांच्या यादीत, त्यांना हवं ते सापडलं. ‘टेप क्रमांक सात. माजी बेसवादकाशी बोलणं.’ नाव नव्हतं, पण माजी बेसवादक दुसरा होताच कोण? त्यांनी ती ओळ बायकोला दाखवली, लेकीला दाखवली, इस्त्रीवाल्याला दाखवली. त्यांच्या मते ही ती निरोपाची टेप होती, पोरं पाया पडत होती ती.

आता कोणी म्हणेल, या माणसाला खरं काय ते ठाऊक नव्हतं का? एके काळी होतं. पण एकच गोष्ट चोवीस वर्षं सांगत राहिलं की आधी ऐकणाऱ्याला खरी वाटते आणि मग सांगणाऱ्याला. निरीक्षकांना गायकाचे ओले डोळे आता स्पष्ट आठवत होते. ते हसून हसून ओले झाले असतील, ही शक्यता त्यांच्या स्मरणातून केव्हाच पुसली गेली होती.

तबकडी वाजवायला घरात यंत्र नव्हतं, म्हणून शनिवारी ती आधी ऐकून बघता आली नाही. यंत्र मेहुण्याकडे होतं. मेहुणा लाउडस्पीकर भाड्याने देतो. भावजींचा एवढा कार्यक्रम म्हटल्यावर तो रविवारी सकाळी टेम्पो घेऊन आला आणि त्याने बैठकीच्या खोलीत माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर उभे केले. भावजी दोन शब्द बोलतील म्हणून माइकही लावला. खोलीत मग माणसांना जागा उरेना. दार उघडं ठेवावं लागलं, खुर्च्या जिन्यावर गेल्या, आणि खुर्च्या जिन्यावर दिसल्यावर बिल्डिंगमधले लोक आपोआप आले. काय आहे ते कोणाला माहीत नव्हतं, पण स्पीकर मोठे होते.

साहेब सपत्नीक आले. त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवलं. बायकोने चहा आणि केक फिरवला. निरीक्षकांनी माइक हातात घेऊन दोन शब्द म्हणून साधारण अठरा मिनिटं भाषण केलं, त्यात त्याग हा शब्द अकरा वेळा आला. (लेक मोजत होती. बापाचाच गुण.) मग त्यांनी माइक परत दांडीला लावला आणि सुई दुसऱ्या तबकडीवर, टेप क्रमांक सातपाशी टेकवली.

आधी खरखर. मग कोणीतरी ढोलावर दोनदा थाप मारली. मग लांबून, विहिरीच्या तळाशी चार माणसं बोलत असावीत तसे आवाज. शब्द लागेनात. मध्येच एक शब्द मात्र स्वच्छ ऐकू आला: ‘तुझ्याशिवाय’.

निरीक्षकांनी डोळे मिटले. साहेबांच्या पत्नीने च्‌ केलं. पुढे पुन्हा विहीर. मग कोणीतरी रडल्यासारखा आवाज आला, आणि निरीक्षकांनी हलकेच सांगितलं की हा गायक. टेप तीन मिनिटांत संपली. जिन्यावरून कोणी टाळी वाजवली.

साहेब भले गृहस्थ. त्यांना वाटलं, एवढा हृद्य प्रसंग आणि शब्द कळू नयेत, हे बरं नाही. ते निरीक्षकांच्या बायकोला म्हणाले, “वहिनी, तुम्ही तर कोर्टात असलं पुटपुटणं रोज उतरवून घेता. तुम्हाला लागलं का काही?”

बायको माइकच्या दांडीपाशी उभी होती. तिच्या हातात कार्यक्रमाच्या सामानाची यादी लिहिलेली वही होती, आणि तिच्याही नकळत तिच्या हाताने यादीतल्या ‘केक’ या शब्दाखाली लघुलिपीत दीड पान भरलं होतं. पंचवीस वर्षं कण्हणारे साक्षीदार, पान खाऊन बोलणारे वकील आणि दाढीत बोलणारे न्यायाधीश ऐकलेल्या कानाला विहीर ती काय. तिने पानाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. निरीक्षक मायेने म्हणाले, “वाच ना. लाजतेस काय?”

आणि तिने वाचलं. कोर्टात वाचतात तसं, सपाट, कुठेही न थांबता.

“आवाज क्रमांक एक म्हणतो, तुझ्याशिवाय एकदा वाजवून बघितलं. आवाज क्रमांक दोन विचारतो, मग? आवाज एक: मग गाणं झालं. आवाज दोन: मी उद्यापासून रोज चार तास सराव करीन. आवाज तीन: हे तू गेल्या महिन्यातही म्हणालास. आवाज दोन: बेस नको तर मी खंजिरी वाजवीन. आवाज एक: खंजिरी पण देऊन बघितली. आवाज दोन: मग मी सामान उचलीन. आवाज चार: सामान तू मागच्या वेळी उचललंस, तेव्हापासून गिटारचं पेडल सापडत नाहीये. यानंतर हुंदका. हुंदका आवाज दोनचा.”

माइक चालू होता, हे मेहुण्याच्या उशिरा लक्षात आलं (असं तो म्हणतो). त्यामुळे हे सगळं जिन्यात, गच्चीवर आणि समोरच्या बिल्डिंगमध्येही नीट ऐकू गेलं होतं. तळमजल्यावरून कोणीतरी विनंती केली की आवाज चारचं जरा परत वाचाल का.

“आवाज एक,” बायको पुढे वाचत होती, “रडू नकोस. ती वजनमापांची नोकरी आलीये ना, ती घे. आवाज दोन: पण मी लोकांना काय सांगू? आवाज एक: सांग, एका मुलीसाठी सोडलं. आवाज दोन: कुठली मुलगी? आवाज तीन: मिळेल एखादी.”

तिने वही मिटली. मग लेकीला विचारलं की पुस्तिकेत त्या टेपची तारीख दिली आहे का. लेकीने एकोणतिसावं पान काढलं. बापाकडे एकदा बघून तिने वाचलं, नऊ फेब्रुवारी.

“तुमची साक्ष मी घेतली ती त्याच वर्षी जूनमध्ये,” बायको म्हणाली. एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

निरीक्षकांनी तोंड उघडलं. टेप जुनी आहे, आवाज बदलतात, चार माणसांत हुंदका कोणाचा हे छातीठोकपणे कसं सांगता येईल, असं बरंच काही त्यांना म्हणायचं होतं. पण समोर जी उभी होती तिने आयुष्यभर असे साक्षीदार टिपून घेतले होते. ते भिंतीवरच्या गिटारकडे वळले आणि सवयीने त्यांनी तो श्वास सोडला. तेवढ्यात लेक खुदकन हसली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या श्वासाने काही मिळालं नाही.

साहेबांनी प्रसंग सावरायचा प्रयत्न केला. उठता उठता ते म्हणाले की केक छान होता. मग दारात थांबून, निरीक्षकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “पोकळ वजन आपण जप्त करतो, नाही का?” साहेब एकंदरीत भले गृहस्थ, पण खात्यात तीस वर्षं झाली होती त्यांची.

पाहुणे गेल्यावर घरात मोठं भांडण होईल असं निरीक्षकांना वाटलं. त्यांनी त्याची मनातून तयारीही केली होती. मी तुला गमावण्याच्या भीतीने खोटं बोललो, असं एक चांगलं वाक्य जुळवलं होतं. ते म्हणायची वेळच आली नाही. बायकोने कप गोळा केले. मग टेबलाशी बसून पर्समधलं पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं, सदर पद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे. तिने पेनचं टोपण काढलं, ‘असमर्थ’मधल्या ‘अ’वर एक रेघ मारली आणि खोडाखोडीशेजारी समासात नियमाप्रमाणे छोटी सही केली. नवा कागदसुद्धा वाया घालवला नाही.

मग तिने स्वतःच ‘ओली काडेपेटी’ची पहिली तबकडी यंत्रावर ठेवली आणि खिडकीकडच्या खुर्चीत बसून पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकली. निरीक्षक दारात उभे राहून वाट बघत होते. संपल्यावर ती म्हणाली, “चांगलं आहे हो. उगाच एवढी वर्षं भांडी घासली.”

महिन्याभरात ती नव्या गावी रुजू झाली. शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. निरीक्षक डाळ शिजवायला शिकले. डाळ कधी शिजली, कधी नाही. लेकीने तक्रार केली नाही, ती मामाकडे जेवत होती. विटकरी भिंतींना पांढरा रंग लागला.

इकडे टेप क्रमांक सात भलतीच गाजली. अल्बममधली गाणी लोकांना पंचवीस वर्षं पाठ होती. नवं असं हेच होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी बायकोचं वाचन फोनवर टिपून घेतलं होतं, कॉलेजची पोरं टेपेसोबत तेही एकमेकांना पाठवू लागली. ‘खंजिरी पण देऊन बघितली’ हे वाक्य टी-शर्टांवर छापून आलं. कोणाचं प्रेम फसलं, कोणी परीक्षेत आपटलं, की मित्र हेच म्हणत. निरीक्षक बाजारात तपासणीला गेले की भाजीवाले तराजू पुढे करून म्हणत, बघा साहेब, खंजिरी देऊन बघा. निरीक्षक पावती फाडत.

आणि मग बँडच्या मॅनेजरचा फोन आला. पंचविशीनिमित्त तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी मैदानावर कार्यक्रम आहे, आणि सगळ्यांची इच्छा आहे की निरीक्षकांनी मंचावर यावं. निरीक्षकांनी फोन ठेवला. शेवटी पोरांना आपली आठवण झाली. शेवटी कळलं. बायकोला फोन करून सांगताना त्यांचा आवाज इतका उंच गेला की तिने फोन कानापासून लांब धरला. ती एवढंच म्हणाली की मी येईन.

भिंतीवरची गिटार उतरली. नव्या तारा आल्या. पुढचे तीन आठवडे निरीक्षकांनी रोज चार तास सराव केला, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी कबूल केल्याप्रमाणे. बोटांना फोड आले. खालच्या मजल्यावरचे आधी वर आले, मग नुसतं छत ठोकू लागले, मग सुट्टी काढून गावाला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी ते काळा शर्ट घालून दोन तास आधी पोचले. गायक आता जाड झाला होता, डोक्यावर केस नव्हते. त्याने मनापासून मिठी मारली. मग गिटारची पेटी बघून म्हणाला, “अरे, ही कशाला आणलीस?”

काम वेगळं होतं. चौथ्या गाण्यानंतर मंचावर एक स्टूल ठेवणार. निरीक्षकांनी त्यावर बसायचं. गायक ‘तुझ्याशिवाय एकदा वाजवून बघितलं’ म्हणणार, आणि मग ती सगळी टेप जशीच्या तशी. शेवटी निरीक्षकांनी उठून डाव्या बाजूने निघून जायचं. दीड मिनिटाचं काम. हुंदका जमेल ना, असं मॅनेजरने काळजीने विचारलं.

हुंदका जमला. फार चांगला जमला. हजारो माणसं एका सुरात ‘खंजिरी पण देऊन बघितली’ ओरडली आणि निरीक्षक डाव्या बाजूने निघाले. ते असे निघाले की पडदा ओलांडून, जिना उतरून, मागच्या फाटकातून थेट रस्त्यावर आले. परत आत जायला लागले तेव्हा फाटकावरच्या माणसाने पास विचारला. पास काळ्या शर्टाला नव्हे, गिटारच्या पेटीला अडकवलेला होता, आणि पेटी आत राहिली होती. मी आत्ता मंचावर होतो, असं त्यांनी सांगितलं. फाटकवाला म्हणाला, होय, बघितलं मी, तुम्हाला काढलं ना?

उरलेला कार्यक्रम निरीक्षकांनी भिंतीला टेकून ऐकला. आत लोक नाचत होते. पाच वाजता गर्दी बाहेर पडू लागली, आणि तिच्यात बायको दिसली. केस सुटलेले, आवाज बसलेला, हातात ‘ओली काडेपेटी’ची नवी तबकडी. ती त्यांना म्हणाली की तिसऱ्या रांगेत जागा मिळाली होती, गायकाला भेटले, फार साधा माणूस, त्याने सही करून दिली. ऐनवेळी शब्द सुचेनात म्हणून बाकीच्या तिघांनाही त्याने विचारलं, आणि चौघांनी मिळून लिहिलं.

निरीक्षकांनी विचारलं, माझ्याबद्दल आहे का काही?

तिने तबकडी त्यांच्या हातात दिली. वरच्या कोपऱ्यात, काळ्या शाईत, चार सह्यांच्या वर एकच ओळ होती:

‘वहिनींना, तुम्ही त्याला ठेवून घेतलंत, त्याबद्दल संपूर्ण बँड आपला आजन्म ऋणी आहे.’